टँकरचा शनिवार

मिठागरावर वार नसतात. भरती असते, ओहोटी असते, वारा असतो आणि ऊन असतं. अमावस्येचं पाणी किती चढेल, हे बाप बांधावर बसल्या बसल्या बोटांवर मोजून सांगायचा आणि त्यात त्याची कधी चूक व्हायची नाही. पण आज मंगळवार की बुधवार असं कुणी विचारलं, की तो डोकं खाजवायचा. मंगळवारी मीठ जास्त पिकत नाही आणि बुधवारी पाय कमी झोंबत नाहीत, मग वाराची चौकशी करायची कुणाला गरज? एकच वार सगळ्यांना पाठ होता. शनिवारी गोड्या पाण्याचा टँकर यायचा.

त्यांचं घर म्हणजे बांधावरची झोपडी. तीन बाजूंना फळ्या, चौथीला ताडपत्री, वर पत्रा. बाप, आई, दहा वर्षांची थोरली आणि दोन वर्षांची बारकी. पावसाळा संपला की ही चार माणसं सामान डोक्यावर घेऊन इथे यायची आणि पुढचे आठ महिने इथेच राहायची. गावातली शाळा चार तासांच्या वाटेवर होती. त्यामुळे मिठागरावरच्या पोरांची नावं दरवर्षी पटावर चढायची आणि दरवर्षी उतरायची. थोरलीचंही एकदा उतरलं होतं. एक वर्ष तिचं असंच खाऱ्या पाण्यात गेलं.

यंदा बाईंनी तसं होऊ दिलं नाही. बाई म्हणजे चौथीच्या मास्तरीण. बारीक अंगाच्या, पण बोलायला लागल्या की हेडमास्तर चष्मा पुसत बसायचे. त्यांनी बापाला शाळेत बोलावून स्वच्छ सांगितलं होतं.

"हे बघा, पोरगी रोज नाही आली तरी चालेल, ते मी बघते. पण दर आठवड्याला गृहपाठ आला पाहिजे. दहा शब्द, प्रत्येक शब्द पाच वेळा, एकेकाचं एक वाक्य, आणि खाली जे करायला सांगितलं असेल ते. टँकरवाला आमच्या दारावरूनच जातो. त्याच्याबरोबर वही पाठवायची, मी तपासून दुसरी पाठवीन."

"पाठवू की," बाप म्हणाला.

"आणि परीक्षेला यायचं. मोठ्या गावाच्या वसतिगृहाची माणसं वर्षातून एकदाच इथे येतात. चौथीतल्या दोन मुली घेतात. राहणं, जेवण, पुढचं सगळं शिक्षण तेच बघतात. पण अकराच्या आत वय लागतं. हिला यंदाच जमायचं. पुढच्या वर्षी ती मोठी झालेली असेल, मग मी डोकं आपटलं तरी घेणार नाहीत."

बापाने मान हलवली. घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. आईने ऐकलं आणि आपल्या पायांकडे बघितलं. मिठागरावर वीस वर्षं उभी राहिलेली बाई. टाचा फाटलेल्या, घोट्यापर्यंत कातडं पांढरं आणि कडक. "हिचे पाय असे होऊ द्यायचे नाहीत," एवढंच ती म्हणाली. नवरा-बायकोचं ठरलं ते तिथेच.

तेव्हापासून टँकरवाला हा पोरीचा पोस्टमन झाला. ती त्याला मामा म्हणायची. मामा शनिवारी सकाळी यायचा, पाइप पिंपात सोडायचा आणि खिडकीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही बाहेर काढायचा. "घ्या मास्तरीणबाई, तुमची डाक." घरातला एकुलता एक फोनही तोच गावात नेऊन चार्ज करून आणायचा, कारण मिठागरावर ना वीज होती ना धड रेंज. मास्तरीणबाई हे नाव मग सगळ्या मिठागरावर पडलं. पोरीला ते आवडायचं. तशी ती होतीही मास्तरीण. कुणी 'पाव्हणे' म्हटलं तरी 'पाहुणे' म्हणा म्हणून सांगायची.

शुद्धलेखन घालायला मात्र घरात कुणी नव्हतं. आईला अक्षर येत नव्हतं, बापालाही नाही. बाईंनी तर लिहिलं होतं, 'घरातल्या मोठ्या माणसाने शब्द सांगावेत, मुलाने न बघता लिहावेत.' यावर बापाने तोड काढली. सकाळी मिठात उतरायच्या आधी पोरगी त्याला दहा शब्द वाचून दाखवायची. तो ते पाठ करायचा. दिवसभर दंताळं ओढताना, प्रत्येक ओढीला एक शब्द. मीठ वाफ्याच्या तळाशी धरलं की ते दंताळ्याने खरवडून काठाला आणायचं, असं ते काम. बाप पुढे वाकून दंताळं टाकायचा आणि ओढता ओढता म्हणायचा, "आश्चर्य... विद्यार्थी... कृतद्न्यता..."

"कृतज्ञता, बाबा!" पोरगी पलीकडच्या बांधावरून ओरडायची.

"तेच म्हणतोय ना!"

"अरे, कुणाला शिव्या घालतोस?" शेजारच्या वाफ्यातला म्हातारा एकदा म्हणाला. या म्हाताऱ्याला सगळे खडे म्हणत, कारण मिठातला खडासुद्धा याला दुरून दिसायचा.

"शिव्या नाहीत, अभ्यास आहे," बाप म्हणाला. त्यावर आई इतकी हसली की तिला दंताळं टाकून खाली बसावं लागलं. हसल्यावर आई किती तरुण दिसायची, हे पोरीला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी उजेड असेतो बाप झोपडीच्या दाराशी उकिडवा बसायचा आणि एकेक शब्द सोडायचा. एखादा विसरला तर डोळे मिटून हाताने हवेत दंताळं ओढायचा, की लगेच आठवायचा. पोरगी गुडघ्यावर वही ठेवून लिहायची. कधी दहा बरोबर, कधी नऊ. बरोबर की चूक हे बापाला कळायचं नाही, पण पोरीच्या तोंडाकडे बघून कळायचं.

एक अडचण होती ती कागदाची. मिठागरावरच्या हाताला मीठ असतंच, धुतलं तरी भेगांत राहतं. त्या हाताने कागद धरला की कागद ओल धरतो, पेन्सिल उमटत नाही, खोडायला गेलं की फाटतो. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात लाल अक्षरात लिहून पाठवलं, 'वही ओली का? काळजी घ्यावी.' पोरगी ते वाचून रडली. त्या दिवसापासून लिहायला बसण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने हात धुवायची. एक पेला. आई ओरडायची. पाण्याचं पिंप एकच, आठवडा त्याच्यावर काढायचा. प्यायला, शिजवायला, बारकीला पुसायला.

"तुझ्या अक्षरांना पाणी पाजतेस, आम्ही काय मीठ चाटू?"

पण ओरडून झालं की तीच पेला भरून द्यायची.

असे सत्तावीस आठवडे गेले. सत्तावीस याद्या. पोरीने त्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या. मग एका शनिवारी मामा आला तो खोकत आला. डोळे लाल, अंगावर स्वेटर, आणि ऊन तर असं की पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. त्याने वही दिली. आत बाईंची चिठ्ठी होती. पोरीने ती उभ्या उभ्या वाचली.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"परीक्षा आहे. आजचा धरून नाही, आजच्या पुढचा चौथा शनिवार. सकाळी दहाला. वसतिगृहाचे लोक येणार आहेत. वेळेवर या, थांबत नाहीत, असं लिहिलंय."

"चार टँकर," बाप म्हणाला. "चौथा टँकर येईल त्या दिवशी पहाटेच निघू."

मामाने पाइप गुंडाळला, फोन चार्जिंगला म्हणून खिशात टाकला. "पहिला नंबर आण गं," तो म्हणाला आणि पुन्हा खोकला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही.

सकाळपासून पोरगी रस्त्याकडे बघत होती असं म्हणावं, तर तसंही नाही. टँकर आला नाही म्हणजे शनिवार आला नाही, असंच सगळ्यांनी धरलं. आईच्या लक्षात एवढंच आलं, की पिंपात हात घातला तर बोटं तळाला लागतात. तिने पिंप कलतं करून तांब्याभर गढूळ पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी तेही नव्हतं. बारकी रडत होती, तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. बापाने खडे म्हाताऱ्याकडून कळशी मागून आणली. म्हाताऱ्याने दिली, पण देताना म्हणाला, "आठवडा पुरवायची अक्कल नको का? आमचंही पिंप तळाला गेलंय." बाप कळशी घेऊन आला. कुणाकडे पाणी मागायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

त्याने ते आईला सांगितलं. आई उठली. पोरगी वही घेऊन बसत होती, सवयीने तिचा हात पेल्याकडे गेला. आईने तिला थोबाडीत मारली.

"हात धुतेस! हात धुऊन धुऊन पिंप संपवलंस! त्या म्हाताऱ्याने तुझ्या बापाची अक्कल काढली तुझ्यापायी! बारकीचे ओठ बघ!"

पोरीने ओठ बघितले. तिला वाटलं, आई म्हणते ते खरंच असेल. रोज एक पेला. तिने हिशेब केला आणि तिचाच गुन्हा तिला सापडला. त्या संध्याकाळी ती कोरड्या हातांनी लिहायला बसली आणि कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. चालवणारा नवा होता, तोंडात काडी, बोलायला नाखूश. मामा तापाने दवाखान्यात पडला होता आणि दोन दिवस गाडी तशीच उभी होती. यातलं गाडी उभी राहिल्याचं त्याने कुणाला सांगितलंच नाही.

"मामा?" पोरीने विचारलं.

"आजारी आहे."

"माझी वही? आमचा फोन?"

"कसली वही, कसला फोन? मी दुसऱ्या विहिरीवरून भरून येतो, मला काय माहीत." पाइप सोडून तो सावलीत जाऊन बसला.

तो वार सोमवार होता. पण मिठागरावर टँकर आला म्हणजे शनिवार, त्यामुळे तो शनिवारच झाला. कुणी वार विचारला नाही. शनिवारी शनिवार आहे का, असं कोण विचारतं? पोरीने चार शनिवारांच्या चार बोटांपैकी एक मिटलं. तीन राहिली.

नवा माणूस मग दर सात दिवसांनी नेमाने येत राहिला. सोमवारी, सोमवारी. वही घ्यायला त्याने हात पुढे केला नाही, तिनेही पुन्हा मागितलं नाही. यादी नाही म्हणून अभ्यास बुडवावा, असं मात्र घरात कुणाला वाटलं नाही. बाप म्हणाला, "शब्द मी देतो."

"तुम्हाला कुठले शब्द येतात, बाबा?"

"वीस वर्षं काय मुका होतो का?"

आणि त्याने दिले. दंताळं. बांध. भरती. गाळ. घट्टा. तडा. पाझर. उघडीप. दर शब्दाला तो थोडा थांबायचा, हा शाळेत चालण्यासारखा आहे का, याचा विचार करून. "झोंबणे," तो म्हणाला, "हा चालेल का?" "चालेल," पोरगी म्हणाली आणि तिने पाच वेळा लिहिला. अशा तीस शब्दांनी ती वही भरली. आई बारकीला मांडीवर घेऊन ऐकायची. थोबाडीत मारल्याचं तिच्या मनातून जात नव्हतं, पण चूक पोरीचीच होती असंही तिला वाटत होतं. त्यामुळे दोन्हीकडून तिची कोंडी व्हायची.

चौथ्या आठवड्यात ढग आले. अवकाळी. मीठ धरलेलं, अगदी तयार, दोन दिवसांत काढून काठाला लावलं नाही तर एका पावसात सगळं विरघळून परत समुद्रात. मुकादम दुरूनच ओरडून गेला, "उचला, उचला!" सगळं मिठागर कामाला लागलं. लेकराबाळांसकट माणसं वाफ्यात उतरली.

"तू कसा जाशील?" खडे म्हातारा बापाला म्हणाला. "वर्षाचं मीठ टाकून पोरीला परीक्षेला नेतोस?"

"जातो," बाप म्हणाला.

"एकटी बाई किती ओढेल?"

"ओढेन मी," आई पलीकडून म्हणाली. "तुम्ही तुमचं ओढा."

निघायच्या दिवशी पहाटे आईने पोरीला आंघोळ घातली. पूर्ण बादली. पोरगी नको नको म्हणत होती, पण आईने तिच्या डोक्यावर तांब्या ओतला, नखांतलं मीठ काडीने काढलं, केस इतके आवळून विंचरले की पोरीच्या भुवया वर गेल्या. धुतलेला फ्रॉक घातला. पायांना तेल चोळताना ती म्हणाली, "नीट लिही. घाई करू नकोस." मग तिने बारकीला ताडपत्रीच्या सावलीत खुंटाला बांधलं आणि एकटीच दंताळं घेऊन वाफ्यात उतरली.

बाप-लेक चार तास चालले. पहिले दोन तास बांधावरून, मग गाडीवाट, मग डांबरी रस्ता. पोरीच्या चपला बापाच्या हातात, मळू नयेत म्हणून. वाटेत तो तिला शब्द विचारत होता.

"कृतज्ञता."

"क ला ऋकार, त, ज्ञ, ता."

"बघ, मला म्हणता येतं आता."

"येतं, बाबा."

"तिकडे गेल्यावर पत्र लिही. आम्हाला वाचून दाखवायला खडे म्हाताऱ्याचा मुलगा आहे." मग थोडा वेळ चालून तो म्हणाला, "नाहीतर नको त्याच्याकडून. सुट्टीत आलीस की तूच वाचून दाखव."

शाळा दिसली तेव्हा तिने चपला घातल्या. मैदानात कुणी नव्हतं. वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. बापाला बरं वाटलं. उशीर झाला नव्हता, शाळा भरलेली होती. त्याने गमछाने तोंड पुसलं, शर्टाची बटणं लावली आणि चौथीच्या दाराशी येऊन पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"जा."

पोरगी उंबऱ्यावर उभी राहिली. आत पोरं बसली होती, फळ्याकडे तोंडं करून. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात बाईंनी रोजच्यासारखं तारीख आणि वार लिहिला होता. तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"जा ना गं," बाप हळूच म्हणाला. "लाजतेस काय?"

"बाबा, आज सोमवार आहे."

"काय?"

"फळ्यावर सोमवार लिहिलंय."

बापाने फळ्याकडे बघितलं. त्याला नुसत्या पांढऱ्या रेघा दिसल्या. "चुकून लिहिलं असेल," तो म्हणाला. "कालचा पुसायचा राहिला असेल. काल टँकर कुठे आला होता? टँकर आज येणार." पण पोरीच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. नेहमी त्याला तिच्या तोंडाकडे बघूनच कळायचं.

बाई बाहेर आल्या. दोघांना बघून त्यांचा हात आधी तोंडावर गेला.

"परवा होती," त्या म्हणाल्या. "परवा. मी बारापर्यंत थांबवून धरलं त्यांना. अहो, मी सांगितलं, पोरगी लांबून येते, अजून अर्धा तास, अजून अर्धा तास. तुम्ही कुठे होतात?"

"टँकर..." बाप म्हणाला आणि थांबला. मग त्याने पहिल्यापासून सांगितलं. मामा आजारी पडला, नवा माणूस आला, टँकर आला म्हणून आम्ही बोट मिटलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ऐकू येत होतं, आपण काय बोलतोय ते. आत पोरं हसत होती. कुणीतरी म्हणालं, "यांना वारपण कळत नाही." बाईंनी मागे वळून असं बघितलं की वर्ग गप्प झाला.

"मी दोन शनिवार फाटकापाशी उभी होते," बाई म्हणाल्या. "टँकर आला नाही. मला वाटलं टँकर बंद पडला असेल, परीक्षेची तारीख तर तुमच्याकडे आहेच. मी यायला हवं होतं हो. एकदा येऊन बघायला हवं होतं."

"बाई, मला पेपर द्या," पोरगी म्हणाली.

"अगं, आता..."

"द्या ना. मी लिहिते."

बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. परवाचीच प्रश्नपत्रिका काढली, आणि वर्गाला पाढे लिहायला लावून त्या तिच्याशेजारी उभं राहून एकेक शब्द सांगू लागल्या. बाप दाराबाहेर उकिडवा बसला. आतून शब्द ऐकू येत होते. त्यातले निम्मे त्याने कधी ना कधी दंताळ्याबरोबर ओढलेले होते, आणि तेवढे तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता. अर्ध्या तासाने पोरगी पेपर घेऊन बाहेर आली, मागून बाई.

"किती?" बापाने विचारलं.

"सगळे बरोबर आहेत," बाई म्हणाल्या.

बाप उठला. "सगळे? मग झालं की! मग चिठ्ठी द्या, बाई. मी मोठ्या गावाला नेतो. आत्ता निघतो, पायी जातो. हा कागद दाखवतो, सगळे बरोबर आहेत म्हणून सांगतो."

"त्यांनी दोघींची नावं परवाच लिहून नेली."

"तिसरी नाही घेणार?"

"मी फोन केला होता त्यांना परवाच रात्री. आज पुन्हा करीन. पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. नाही घेणार."

"दोन दिवसांचाच तर फरक आहे, बाई."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पोरीसमोर पुसलेही नाहीत.

परतताना पोरीच्या चपला पुन्हा बापाच्या हातात होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांना टँकर भेटला, समोरून, रिकामा होऊन परत येणारा. नव्या माणसाने हॉर्न वाजवला. बापाने बाजूला होऊन त्याला वाट दिली. त्याच्यावर ओरडायचं त्याच्या मनात आलं होतं, पण काय म्हणून ओरडणार? त्याने पाणी तर वेळेवर आणलं होतं.

आई वाफ्यातच होती. दोघांना बघून ती दंताळं धरून उभी राहिली. कमरेपर्यंत भिजलेली, पण दोन वाफे तिने एकटीने काढले होते. "काय झालं?" तिने विचारलं.

"परवा झाली परीक्षा. आज सोमवार आहे," बाप म्हणाला. "पहिला टँकर दोन दिवस उशिरा आला होता. आपण शनिवार धरला. माझी चूक."

"मोजत मी होते," पोरगी म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. "दोन दिवस उशिरा," ती म्हणाली. "म्हणजे पिंप... पिंप म्हणून संपलं होतं." तिने दंताळं टाकलं. तशीच मिठाच्या पाण्यातून चालत ती बांधाशी आली आणि तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचे हात मिठाने इतके खरबरीत झाले होते की पोरीच्या गालाला झोंबलं. "तू नव्हतं संपवलंस," आई म्हणाली. "तू नव्हतं गं संपवलंस. आणि मी तुला मारलं."

"जाऊ दे, आई."

"मारलं मी तुला!" असं म्हणून ती मोठ्याने रडली. तिचं ते रडणं शेजारच्या वाफ्यापर्यंत ऐकू गेलं. खडे म्हातारा वाकलेला सरळ झाला, त्याने इकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याला बोलण्यासारखं काही दिसलं नाही. तो पुन्हा वाकला.

पाऊस आला नाही. ढग रात्रभर डोक्यावर राहिले आणि सकाळी दुसरीकडे गेले. उरलेले वाफे काढायचेच होते. पोरगी उजाडल्यावर उठली, फ्रॉक घडी करून ठेवला, जुना घातला आणि कुणी न सांगता वाफ्यात उतरली.

"तू बस," बाप म्हणाला.

"बसून काय करू?"

तिने आईचं दंताळं घेतलं. ते तिच्या उंचीला मोठं होतं, तिने दांडा मधोमध धरला आणि ओढलं. बाप तिच्याशेजारी ओढत होता. बरेच वाफे त्यांनी असे काढले. त्याच्या तोंडात सवयीने एक शब्द आला होता. तो त्याने गिळला.

दुपारी मुकादम गमबूट घेऊन आला. हंगामाच्या शेवटच्या काढणीला मालक कामावरच्या प्रत्येक माणसाला एक जोड द्यायचा. पाणी तेव्हा सगळ्यात खारं असतं, उघड्या पायांची सालं निघतात. मुकादम झोपडीझोपडीपाशी थांबायचा, विचारायचा आणि पोत्यातून जोड काढून बांधावर टाकायचा. पोरांना बूट मिळत नसत. पोरं कामाला असली तरी आईबाप त्यांचं नाव सांगत नसत. सांगितलं, की ते पोर पुढच्या हंगामापासून कामावरचं माणूस झालं.

"तुमच्याकडे किती?" मुकादमाने विचारलं. "दोनच ना?"

बापाने वाफ्यात बघितलं. पोरगी दंताळ्यावर वाकली होती. गुडघ्याखालचे तिचे पाय पाण्यातून वर आले की लाल दिसत होते. आई हात थांबवून त्याच्याकडे बघत होती. ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं. तिने मान खाली घातली.

"तीन," बाप म्हणाला. "एक लहान मापाचा द्या."

"लहान माप येत नाही," मुकादम म्हणाला. "पुढे चिंध्या कोंबायच्या."

त्याने तिसरा जोड बांधावर टाकला आणि तो पुढच्या झोपडीकडे गेला. पोरगी बाहेर आली. बांधावर बसून तिने पाय पुसले, आईने फाडून दिलेल्या चिंध्या बुटांच्या टोकात नीट दाबून बसवल्या आणि पाय आत घातले. बूट गुडघ्यापर्यंत आले. तिने उठून दोन पावलं चालून बघितली.

"बसतात," ती म्हणाली आणि परत पाण्यात उतरली.